बॉनेटवरचे टवके आणि गंजाचे ठिपके: पावसाआधी घरी काय करता येईल?

हायवेग्रस्त (२६ एप्रिल, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. गाडी २०१७ ची, सिल्व्हर हॅचबॅक. घर पेडण्याला, नोकरी वेर्ण्याला, म्हणजे रोजचा महामार्ग ६६. रुंदीकरण सुरू झाल्यापासून पुढे खडीचा टिप्पर नाही असा दिवस आठवत नाही. टिप्परवर ताडपत्री असते, पण बांधलेली नसते. मागच्या फळीच्या फटीतून बारीक खडी सांडत जाते आणि पुढच्या गाडीच्या चाकाखाली आली की थेट आपल्या बॉनेटवर.

परवा गाडी धुतल्यावर उन्हात वाकून नीट पाहिलं. बॉनेटच्या पुढच्या कडेला टवकेच टवके, काचेच्या वर टपाच्या कडेला एक अख्खी ओळ, ड्रायव्हरकडच्या खांबावर दोन. काही टवक्यांत राखाडी दिसतं, काहींत चकचकीत पत्रा, काहींत तपकिरी. तपकिरीपैकी एकाच्या भोवती रंग किंचित उचललाय, नखाने दाबला की खाली पोकळ लागतो. बंपरलाही भरपूर लागलंय, पण तिथे तपकिरी काहीच नाही.

गॅरेजवाला म्हणाला, बॉनेट पूर्ण मारायचं, टप पूर्ण मारायचा, खांब मारायचे. आकडा ऐकून चहा न घेताच परत आलो. एवढ्याशा ठिपक्यांसाठी अख्खं बॉनेट? पाऊस यायला महिना-सव्वा महिना आहे. सुट्टीच्या दिवशी स्वतः बसून करण्यासारखं आहे का, आणि कुठे थांबून गॅरेजला द्यावं, हे कुणी सांगेल का? टच-अप पेन आणून ठेवलाय. अजून उघडला नाही.

झुआरीपलीकडे (२६ एप्रिल, रात्री १०:०५)

पेन उघडा, ठिपके भरा, झोपा. आमच्याकडे तर बायकोच्या नेलपॉलिशवर काम चालतं. लाल गाडी घेण्याचा हा एक फायदा.

मडगावचा_टिंकर (२६ एप्रिल, रात्री ११:१२)

गॅरेजवाल्याची बाजू मांडतो, कारण माझंही तेच दुकान आहे.

सिल्व्हरवर ठिपका मारला की तो लपत नाही. मेटॅलिक रंगात अॅल्युमिनियमची बारीक पापुद्री असते. गनने मारलं की ती आडवी, एकसारखी बसते. ब्रशने लावलं की वाटेल तशी. मग कोड तोच, डबा तोच, तरी ठिपका काळपट दिसतो. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात: "बाब, रंग जुळला नाही." ठिपके भरायला पोरगा अख्खा दिवस बसवायचा, त्याचे पैसे कुणी द्यायला तयार नाही, आणि वर बोलणी खायची. त्यापेक्षा पॅनेल मारून मोकळं झालेलं बरं, असं आम्ही सगळेच करतो.

पण टप पूर्ण मारायला मी सांगितलं नसतं. कारखान्याचा मूळ रंग भट्टीत भाजलेला असतो, तो जितका राहील तितका राहू द्यावा. आमच्या बूथमधला चांगला रंगही त्याची बरोबरी करत नाही.

चार हात अंतरावरून दिसू नये एवढीच अपेक्षा असेल तर बाब, तुम्ही घरी करा. जवळून कुणालाच दिसू नये म्हणत असाल तर माझ्याकडे नाहीतर दुसऱ्याकडे, पण पैसे काढा. आणि तो उचललेला रंग आहे ना, त्याच्यावर पेन फिरवू नका.

यार्डातला (२७ एप्रिल, सकाळी ७:३०)

वास्कोला जहाजांच्या रंगकामाची तपासणी हे माझं पोटापाण्याचं काम. जहाज आणि हॅचबॅक यात पत्र्याच्या जाडीचा फरक आहे, गंजाच्या स्वभावात नाही. म्हणून जरा लांबण लावतो.

आधी टवका किती खोल आहे ते ओळखा. कारखान्यात पत्र्यावर फॉस्फेटचा पातळ थर देतात, मग गाडीचा अख्खा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या प्रवाहाने पहिला प्रायमर चढवतात, तो साधारण २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यावर दुसरा प्रायमर, मग रंग, तो १५ ते २० मायक्रॉन, आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकर, ४०-५० मायक्रॉन. सगळं मिळून एक मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षा थोडं जास्त. तुमचे राखाडी टवके प्रायमरवर थांबलेत. त्यांना घाई नाही, नुसतं धुऊन रंग भरला तरी चालेल. चकचकीत आहेत ते पत्र्यापर्यंत गेलेत आणि अगदी ताजे आहेत. आपल्या हवेत उघडा पत्रा फार दिवस चकचकीत राहत नाही, म्हणून पहिला नंबर त्यांचा. तपकिरी आहेत तिथे आधी खरवडणं आलं. बंपर प्लास्टिकचा, त्याला गंज चढणार कुठून? तो शोभेचा प्रश्न आहे, दिवाळीपर्यंत थांबला तरी काही बिघडत नाही.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट, जी गाडीवाले हमखास टाळतात. यार्डात पत्रा घासण्याआधी गोड्या पाण्याने धुतात आणि रंग चढवण्याआधी पत्र्यावर मीठ किती उरलंय ते मोजतात. गंजाच्या खड्ड्यात तळाशी मीठ बसलेलं असतं. न धुता पॉलिश पेपर मारला की गंज निघाल्यासारखा दिसतो, पण मीठ ओरखड्यांत चोळलं जातं. वरून कितीही भारी रंग द्या, ते मीठ रंगाच्या आरपार ओलावा ओढून घेतं आणि पुढच्या पावसात त्याच जागी फोड येतो. पेडण्याहून निघून मांडवी-झुआरी ओलांडणाऱ्या गाडीवर मीठ नसेल असं समजू नका. तेव्हा घासण्याच्या आदल्या दिवशी शॅम्पूने धुवा, प्रत्येक तपकिरी टवक्यात जुना मऊ टूथब्रश ओला करून फिरवा, शेवटी फिल्टरचं किंवा बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी ओता. बोअरवेलचं नको, किनाऱ्याजवळच्या बोअरला खारटपणा असतो.

दुसरी गोष्ट वेळ. आमचा नियम असा की पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं त्यापेक्षा) निदान ३ अंशांनी जास्त असल्याशिवाय डबा उघडायचा नाही. सकाळी सात वाजता हवा २५ अंश आणि आर्द्रता ९२ टक्के असेल तर दवबिंदू साडेतेवीसच्या पुढे जातो. रात्रभर उघड्यावर राहिलेला पत्रा तर हवेपेक्षाही थंड असतो. डोळ्याला कोरडा दिसतो, पण त्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. तेच दुपारी ३३ अंश आणि ६० टक्के असताना दवबिंदू २४ च्या आसपास, म्हणजे हातात नऊ अंश. म्हणून काम सकाळी दहानंतर, सावलीत. उन्हात मात्र नको. तापलेल्या बॉनेटवर रंग पसरण्याआधीच सुकतो आणि खाली धरत नाही.

खरवडणं. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरची चकती काडीच्या टोकाला चिकटवा, किंवा काचतंतूंचं खोडरबर-पेन मिळतं ते घ्या. उचललेला रंग सुईच्या टोकाने काढत जा, कड घट्ट लागेपर्यंत. इथे बहुतेकांचा हात आखडतो, कारण मोहरीएवढा टवका बघता बघता हरभऱ्याएवढा होतो. होऊ द्या. गंज रंगाखालून बारीक वाकड्या रेषांनी पुढे सरकत असतो आणि वरून त्यातलं निम्मंही दिसत नाही. पत्रा पांढरा लखलखीत आला की थांबा. खड्ड्याच्या तळाशी काळे ठिपके राहिले तर तिथे, आणि तिथेच, रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे उरलेल्या गंजाचं रूप बदलणारं आम्लाचं औषध. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्याच दिवशी प्रायमर. "आज घासून ठेवतो, उद्या रंगवतो" हे राजस्थानात चालेल. इथे सकाळपर्यंत पत्रा पुन्हा तांबूस होतो.

प्रायमर टवक्याच्या कडेवर किंचित चढला पाहिजे. रंग कडेपासूनच मागे सरकतो, त्यामुळे कड उघडी राहिली की तिथूनच पुन्हा सुरुवात. जहाजावर आम्ही कडांना आणि वेल्डिंगच्या सांध्यांना हाताने ब्रशचा वेगळा हात देतो, तो ह्याचसाठी.

पेनाबद्दल संध्याकाळी लिहितो, गेटवर पोचलो.

काळी_म्हादई (२७ एप्रिल, सकाळी ९:१५)

वाचनखूण साठवली. शंका: पुसायला पेट्रोल चालत नाही का? आमचा मेकॅनिक कायम पेट्रोलनेच पुसतो.

मडगावचा_टिंकर (२७ एप्रिल, दुपारी १:२०)

मेकॅनिक इंजिनचे भाग पुसतो, त्याला पुढे रंग द्यायचा नसतो. पेट्रोल उडून गेलं की मागे तेलकट पापुद्रा राहतो. त्याहून वाईट म्हणजे गंज लागू नये म्हणून लोक जो तेलाचा स्प्रे मारून आणतात तो. आणि डॅशबोर्डचं सिलिकॉन पॉलिश. त्याचा थेंब जरी बॉनेटवर उडालेला असला तरी रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. आमच्याकडे आलेली गाडी चकाचक पॉलिश केलेली असली की माझ्या पोटात गोळा येतो.

यार्डवाल्या बाबांना एक प्रश्न. आम्ही इतकी वर्षं रेड ऑक्साईड मारतोय. घराचं गेट, खिडकीचे गज, रिक्षा, सगळं त्याच्यावर उभं आहे. जहाजांवर तुम्ही मारता तो एपॉक्सी, दोन भाग कालवून लावायचा प्रायमर, तोच पाहिजे का?

यार्डातला (२७ एप्रिल, रात्री ८:४५)

गेटला रेड ऑक्साईड मारता आणि दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा गेट रंगवता. गाडी कोण रंगवतंय दर दोन वर्षांनी? एका डब्यातला साधा रेड ऑक्साईड ओलावा झिरपू देतो. दोन डब्यांचा एपॉक्सी खूप कमी. पण खरं सांगायचं तर टवक्यांसाठी एपॉक्सी कालवणं जिवावर येतं: दोन भाग डब्यावरच्या प्रमाणात मोजायचे, कालवलं की ठरावीक तासांत संपवायचं, आणि लागणार दोन थेंब. बॉनेटवरच्या बारीक टवक्यांना गाडीच्या टच-अपचा साधा राखाडी प्रायमर पुरे. चाकाजवळ, दाराखाली, जिथे पाणी उडतं तिथे मात्र एपॉक्सीच.

कन्व्हर्टरबद्दल एक सावधगिरी. बाजारात दोन जाती दिसतात. फॉस्फरिक आम्लाचा गंजाचं फॉस्फेट करतो, टॅनिक आम्लाचा त्याचं निळसर काळं टॅनेट करतो. दोघांनाही काम करायला थोडा गंज लागतो, पण पापुद्रे सुटलेला जाड गंज असेल तर तो फक्त वरून काळा होतो आणि आत तसाच राहतो. "खरवडायची गरज नाही, नुसतं लावा" असं डब्यावर लिहिलेलं असलं तरी खरवडाच. आम्लाचा अंश राहिला तर त्यावरचा एपॉक्सी नीट पकडत नाही, म्हणून डब्यावरच्या सूचनेप्रमाणे धुवा किंवा पूर्ण सुकू द्या.

आता पेन. पेनाचं टोक वापरू नका, ते फार जाड असतं. पेन दोन-तीन मिनिटं जोरात हलवा, आतल्या गोळीचा आवाज आला पाहिजे. मग बाटलीच्या झाकणात थेंब काढा आणि चित्रकलेच्या दुकानातल्या सगळ्यात बारीक ब्रशने किंवा टूथपिकने टवक्याच्या मध्यावर टेकवा. ओढायचं नाही, टेकवायचं. रंग आपोआप कडेपर्यंत पसरतो. एका दमात खड्डा भरू नका. वरून साय धरते, आतला थिनर अडकतो आणि पुढे खड्डा पडतो. पातळ थर, अर्धा तास, पुन्हा पातळ थर. लॅकरसाठी थोडी जागा ठेवा. लॅकर मात्र आजूबाजूच्या पातळीच्या किंचित वर येऊ दे. मग आठवडाभर हात लावायचा नाही. नंतर २००० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून, छोट्या चपट्या रबरावर गुंडाळून, फक्त त्या उंचवट्यावर. मग ३००० नंबर, मग रबिंग कंपाउंड. शेजारच्या लॅकरची जाडी आठवा आणि मन आवरा. घासताना येणारं पाणी पांढरं असेल तोवर ठीक. ते रंगीत झालं म्हणजे लॅकर संपलं, आणि तुम्ही टिंकरबाबांचं गिऱ्हाईक झालात.

नेलपॉलिशची थट्टा करणार नाही. तो नायट्रोसेल्युलोजचा लॅकरच असतो. बिनरंगी नेलपॉलिशची बाटली गाडीत असू द्यावी. ताजा टवका उडाला, जागा कोरडी आहे, रविवार लांब आहे, तर एक थेंब. रविवारी थिनरने पुसून पुढचं काम. फक्त त्यालाच दुरुस्ती म्हणू नये.

झुआरीपलीकडे (२७ एप्रिल, रात्री ९:३०)

बायकोला वाचून दाखवलं. बाटली परत मागतेय.

बंदरावरची (२८ एप्रिल, सकाळी ११:००)

थोडं अवांतर. माझी गाडी पांढरी, वास्कोला रेल्वेच्या रुळांजवळ उभी असते. हिला टवके नाहीत, पण टपावर, डिकीवर, आरशांच्या मागे सगळीकडे टाचणीच्या टोकाएवढे नारिंगी ठिपके. धुऊन जात नाहीत. बोट फिरवलं की खरखरीत लागतात. शोरूममध्ये म्हणाले, पत्र्याला गंज लागतोय, पूर्ण गाडी रंगवा. डिकीवर दगड कुठून येणार?

यार्डातला (२८ एप्रिल, दुपारी १:४५)

रंगवू नका! तुमच्या गाडीचा पत्रा बहुतेक धडधाकट आहे. हे बाहेरून आलेलं लोखंड. रेल्वेची चाकं-रूळ, ब्रेक, ग्राइंडर यांतून उडालेले लोखंडाचे कण लॅकरमध्ये रुततात आणि तिथे गंजतात. पांढऱ्या गाडीवर दिसतात एवढंच. काळ्या गाडीवरही असतात, कुणी बघत नाही. ओळखायची खूण: ठिपका वर आलेला असतो, टवका खाली गेलेला. आणि टवके पुढे असतात, हे आडव्या पृष्ठभागावर सगळीकडे.

गाडीवर मारायचा आयर्न रिमूव्हर मिळतो. सावलीत, थंड गाडीवर मारला की प्रत्येक ठिपक्यातून जांभळा ओघळ खाली येतो. तो गंधकयुक्त असतो, अंड्यासारखा वास येईल, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. सुकू न देता भरपूर पाण्याने धुवा. जे उरतील त्यांना साबणाच्या पाण्यात क्ले बार, म्हणजे रुतलेले कण उचलणारी मऊ मातीसारखी वडी. पॉलिश पेपर अजिबात नको. कोळशाची काळी धूळ हा वेगळा प्रकार, ती पाण्याने जाते, पण कोरड्या फडक्याने पुसली तर ओरखडे पडतात.

बंदरावरची (२८ एप्रिल, दुपारी २:१०)

तुम्हाला सांगते, पूर्ण गाडीचा आकडा त्यांनी लिहून दिला होता. संध्याकाळीच रिमूव्हर बघते. देव बरें करूं.

डिचोलीकर (२८ एप्रिल, रात्री ८:२०)

ह्याच्याशीच जोडून. आमच्या पट्ट्यात खाणींची लाल धूळ. २०१२ ला खाणी बंद झाल्या, पुढे सुरू झाल्या, २०१८ ला पुन्हा थांबल्या, पण रस्त्याकडेची लाल माती काही कुठे गेली नाही. ती धूळ म्हणजे लोखंडाची भुकटीच. ती टवक्यात बसली तर गंज लवकर पसरतो का?

यार्डातला (२८ एप्रिल, रात्री ९:०५)

नाही. खनिजाची धूळ हे लोखंडाचं ऑक्साईड, म्हणजे त्याचं गंजायचं ते लाखो वर्षांपूर्वीच गंजून झालंय. चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) लाल मातीचंही तेच. ती पत्र्याला गंज "लावत" नाही. पण ओलावा धरून ठेवते, आणि मीठही. फेंडरच्या आतल्या वळीत, दाराच्या तळाशी पाणी जायला ठेवलेल्या भोकांत ती साचली की तिथे पावसाळाभर ओला चिखल. बॉनेटवरचा टवका दिसतो म्हणून आपण घाबरतो. गाडी सडते ती ह्या न दिसणाऱ्या जागी.

आणि लाल धूळ दिसली म्हणून टवक्यात गंज आहे असं धरून चालू नका. आधी धुवा, मग बघा.

पाळोळ्याचा_नातू (२९ एप्रिल, सकाळी १०:१०)

आजोबा होडीला काजूच्या टरफलांचं तेल लावायचे. लाकडाला कीड नाही, पाणी नाही. गाडीच्या पोटाला लावलं तर? गावात एकजण जळकं इंजिन ऑइल मारतो, त्यापेक्षा बरं ना?

मडगावचा_टिंकर (२९ एप्रिल, दुपारी १२:३०)

जळकं ऑइल नको रे. रबराचे बुश फुगतात, पावसात सगळं तेल रस्त्यावर आणि तिथून विहिरीत. काजूचं तेल हाताला लागलं की फोड येतात, हे ज्यांनी भट्टीत काम केलंय त्यांना विचार. आणि ते चिकट राहतं, वर धूळ बसून थर होतो. तो लिफ्टवर चढवून काढायला मलाच लागणार.

यार्डातला (२९ एप्रिल, दुपारी १:५०)

टिंकरबाबांशी सहमत, कच्चं तेल नको. पण आजोबांना मानलं पाहिजे. त्याच टरफलांच्या तेलातून कार्डेनॉल काढतात आणि त्यापासून एपॉक्सीचे हार्डनर बनवतात. ओलसर, थंड हवेतही ते एपॉक्सी घट्ट करतात, म्हणून जहाजांच्या रंगांत त्यांना मोठी मागणी. काजूचं तेल अजूनही समुद्रातच आहे, फक्त डब्यातून येतं.

पुण्याहून_येऊनजाऊन (२९ एप्रिल, संध्याकाळी ६:४०)

एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवी गाडी घेतानाच सिरॅमिक कोटिंग करून टाकायचं. आम्ही केलंय, टेन्शन नाही.

मडगावचा_टिंकर (२९ एप्रिल, रात्री ८:००)

सिरॅमिक एक-दोन मायक्रॉनचं. खडीला त्याचं काय? धुवायला सोपं जातं, चमक राहते, तेवढंच. दगड अडवायचा तर प्रोटेक्शन फिल्म, ती १५०-२०० मायक्रॉनची, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगापेक्षा जाड. पूर्ण गाडीला परवडत नसेल तर बॉनेटची पुढची पट्टी, आरसे, चाकामागचा दाराचा कोपरा एवढ्यालाच लावा. पण टवके भरल्यावर. गंजावर फिल्म लावली तर आत मजेत वाढतो.

फेरीवाली_दिवाड (३० एप्रिल, सकाळी ८:१५)

आमच्यासारख्यांनी काय करायचं? गाडी रोज फेरीबोटीतून. धक्क्यावर उतरताना भरतीच्या वेळी चाकं खाऱ्या पाण्यातून जातात.

यार्डातला (३० एप्रिल, दुपारी १:३०)

घरी पोचल्यावर पाइपने चाकांच्या आत आणि दारांच्या खालच्या कडेवर पाणी मारा. जोराचा फवारा नको, साधी धार. फवाऱ्याने मीठ उलट वळ्यांत घुसतं. खारं पाणी लागलेली गाडी तशीच बंद गॅरेजात ठेवू नका, उघड्यावर वारा लागू दे.

हायवेग्रस्त (१० मे, रात्री ९:५०)

सर्वांचे आभार. बसलो एकदाचा. आधी दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर रंगाचा कोड पाहिला आणि पेनाशी ताडला. जुळला. दुकानदाराने "सिल्व्हर म्हणजे सिल्व्हर" म्हणून दिला होता, त्यामुळे धाकधूक होती.

आदल्या संध्याकाळी धुतली, टूथब्रशने घासली. मुलाच्या प्रकल्पाचं भिंग हाताशी होतं. उचललेल्या टवक्यावर सुई टेकवली आणि रंगाची खपली अलगद सुटून आली. खाली नुसता तपकिरी डाग असेल असं वाटलं होतं, पण डागापासून दोन रेषा फुटलेल्या, केसाएवढ्या बारीक, एक बॉनेटच्या कडेला समांतर गेलेली. तिच्या मागे सुई सरकवत गेलो. रेष जिथे संपली तिथून पुढे रंग सुईला दाद देईना. यार्डबाबांचं "कड घट्ट लागेपर्यंत" म्हणजे काय ते बोटाला कळलं.

साडेदहा ते तीन एवढंच काम, झाडाच्या सावलीत. प्रायमर, रंग, लॅकर. चार हात अंतरावरून दिसत नाही. दोन हातांवरून दिसतं, काळपट ठिपके, टिंकरबाब म्हणाले तसेच. मला चालतील. टपाची ओळ पुढच्या रविवारी.

पण एक नवीन निघालं. धुताना मागच्या डाव्या चाकाच्या कमानीवर हात फिरवला तर आतल्या ओठावर फुगवटा लागला. तिथे टवका नाही, रंग फुटलेला नाही, नुसता फुगवटा, रुपयाएवढा.

झुआरीपलीकडे (१० मे, रात्री १०:०२)

विमा क्लेम करा आणि पूर्ण गाडी रंगवून घ्या ना राव!

मडगावचा_टिंकर (१० मे, रात्री १०:३०)

विम्याचं आधी. एवढी वर्षं क्लेम केला नसेल तर बाबांना ५० टक्के नो क्लेम बोनस मिळत असणार. एक क्लेम केला की तो शून्यावर. बॉनेटच्या पैशांपेक्षा ते जास्त जाईल, हिशेब करून बघा. आणि गंज विम्यात बसतच नाही, ती झीज. कंपनीची गंजाची वॉरंटी असते ती बहुतेक आतून बाहेर पत्रा आरपार खाल्ला तरच, आणि २०१७ च्या गाडीची ती बघावी लागेल, संपली असण्याचीच शक्यता.

फुगवटा. बाहेर टवका नसताना फुगवटा म्हणजे गंज आतून आलाय. कमानीचे दोन पत्रे जिथे दुमडलेत तिथे चिखल बसलेला असणार. बोथट स्क्रूड्रायव्हरने हलकेच दाबा. टणक लागला तर वरवरचा. मऊ लागला किंवा कुरकुरला तर पत्रा गेला. मऊ असेल तर हात लावू नका. तिथे लांबी (पुट्टी) भरून रंग मारणारे भेटतील, एका पावसात लांबीसकट खाली पडेल. कापून नवा तुकडा वेल्ड करायचा, आतून एपॉक्सी, सांध्याला सीलर, मग मेण. हे घरचं काम नाही.

हायवेग्रस्त (११ मे, सकाळी ७:४०)

दाबलं. कुरकुरलं. वरून लाल माती पडली मूठभर.

यार्डातला (११ मे, दुपारी १:१५)

दुसऱ्या बाजूची कमानही आतून तपासा, चिखल सहसा दोन्हीकडे असतो. पाण्याने सोडवून काढा, दारांच्या तळाची भोकं मऊ प्लास्टिकच्या तारेने मोकळी करा. लोखंडी तारेने नको, भोकाच्या कडेचा रंग जातो.

आणि टिंकरबाबांकडे गेलात तर उभे राहून बघा की आतल्या बाजूला रंग जातोय. बाहेरची बाजू सगळेच छान करतात.

मडगावचा_टिंकर (११ मे, दुपारी २:००)

उभं राहायला खुर्ची देतो. आणि दोन डब्यांचा लॅकर गनने मारताना मात्र बाहेर थांबा, त्यातलं आयसोसायनेट छातीला वाईट. कापडी मास्क उपयोगाचा नाही. माझ्या ओळखीचे दोन पेंटर दम्याने धंदा सोडून बसलेत. स्प्रेच्या डब्यातला दोन भागांचा लॅकर घरी मारणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्या.

मे संपायच्या आत आणा. पहिला पाऊस पडला की मी वेल्डिंगची कामं घेत नाही, आणि गणेश चवथीआधी तर दुकानात पाय ठेवायला जागा नसते.

हायवेग्रस्त (११ मे, रात्री ९:१०)

२२ तारखेला येतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. एक राहिलं: २००० नंबरचा पेपर म्हापशात मिळाला, ३००० कुठेच नाही. २००० वरून थेट कंपाउंड मारू का?

मडगावचा_टिंकर (११ मे, रात्री ९:२५)

नको, २००० चे ओरखडे काढायला कंपाउंड जास्त घासाल आणि शेजारचं लॅकर खाल. माझ्याकडे ३००० आहे, येताना घेऊन जा. तोवर बॉनेटला हात लावू नका, लॅकर अजून कच्चं आहे.